बक्षीस कुणाचं?

ती घटना मी कधी विसरलो नव्हतोच, पण गेल्या महिन्यात टीव्हीवरच्या एका मालिकेनं ती पुन्हा समोर आणून उभी केली. मालिका पोलीस तपासावरची, बक्षिसांवर बक्षिसं मिळवलेली. तिचा एक अख्खा भाग एकाच खोलीत घडतो. अधिकारी आणि संशयित समोरासमोर. पाठलाग नाही, गोळीबार नाही, साधी कानशिलातसुद्धा नाही.

"एवढ्याले बक्षीस?" बायको म्हणाली. "हे तर नुसते बसून राह्यले."

"पूर्ण पाहू दे," मी म्हणालो. भाग संपला तेव्हा माझा चहा जागच्या जागी गार झाला होता.

तेव्हा मी पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवस मोहफुलाचे. एका गावातला तरुण शेतकरी सकाळी मोहफुलं वेचायला गेला आणि पायवाटेवर मेलेला सापडला. डोक्यावर काठीचा घाव होता. आदल्याच दिवशी आठवडी बाजारात त्याचं मित्राशी कडाक्याचं भांडण झालेलं. तो मित्र त्या सकाळी त्याच वाटेनं गेलेला. "बैल हरवला होता, तो शोधाले गेल्तो," असं तो सांगे, पण साक्षीला कुणी नाही. आम्ही त्याला अटक केली.

त्याची बायको दिवस भरत आलेली होती. ती रोज ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली येऊन बसायची. रडायची नाही, भांडायची नाही. मी आत-बाहेर करताना एवढंच म्हणायची, "साहेब, त्यानं नाई केलं जी." असं प्रत्येक आरोपीची बायको म्हणते. पण या बाईचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता. इकडे कोठडीची मुदत संपत आली होती आणि वरून विचारणा सुरू होती, की आरोपी हातात असताना तपास कशाचा चाललाय?

अशात ठाण्यात एक फोन आला. कुणीतरी म्हणालं, "मेलेल्याच्या चुलतभावालेबी विचारा ना एकडाव." आणि फोन ठेवला. नाव नाही, गाव नाही. असे फोन निम्मे वैरातून येतात, पण स्टेशन डायरीत नोंद घेऊन मी चुलतभावाला चौकशीला बोलावलं.

गडी शांत होता. हात जोडून बसला. त्या सकाळी गावात पंडुम होता. नवं फळ आधी देवाला देतात, मग गाव खातं, तो गोंड लोकांचा सण. या वेळी पंडुम आंब्याचा होता. "मी तिथीच होतो साहेब," तो म्हणाला. "साऱ्यायनं पायलं मले." गावात हवालदार पाठवला. ज्याला विचारावं तो म्हणे, "होता ना, असनच." सणाच्या गर्दीत कोण कुणाला मोजतो? मी त्याला उलटसुलट विचारलं. त्याचं उत्तर दर वेळी तेच, आवाजही तोच. अशी माणसं खरं बोलतात तेव्हाही तशीच बोलतात, खोटं बोलतात तेव्हाही. माझी अक्कल तिथं संपली होती.

दुपार झाली. मेसमधून आमची ताटं आली, त्यातलं एक मी त्याच्यापुढे सरकवलं. भात, वरण, बाजूला कैरीची चटणी. तो भुकेला होता. घास भरभर जात होते, पण बोट चटणीला लागत नव्हतं. वरणाचा ओघळ तिकडे गेला, तर त्यानं भाताचा बांध घातला.

"चटणी काऊन सोडली?" मी सहज विचारलं. खरंच सहज. मला वाटलं, तिखट असेल.

"नाई चालत साहेब," तोही तितक्याच सहज म्हणाला. "यंदाचा आंबा देवाले दिला नाई ना मी अजून."

आणि त्याचा हात ताटातच थांबला.

गावानं पंडुम केला होता. तिथं असता, तर त्यानं तो प्रसाद खाल्ला असता, आणि मग कैरी त्याला मोकळी होती. हे त्याला कळलं आणि मलाही कळलं. हवालदार तोंड उघडणार होता, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. चुलतभाऊ आपल्या तळहातांकडे पाहत राहिला. चटणीचं एक बोट चाटलं असतं तर तो सुटला असता हो! समोर पोलीस, मागे फाशीची भीती, आणि तरी त्या माणसाच्या हातून ते झालं नाही. आम्हाला त्यानं बेधडक फसवलं. देवाला फसवणं त्याला जमलं नाही.

मग तो बोलला. बांधावरचं मोहाचं झाड आजोबांचं. त्याखाली कुणी वेचायचं यावरून दोघा भावांची जुनी कुरबुर. रागाच्या भरात एक काठी बसली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून पंच बोलावले. त्यानं स्वतः चालत जाऊन नाल्याकाठच्या झुडपातून काठी काढून दिली. पंचनामा झाला, काठीवरच्या रक्ताचा अहवाल जुळला, आणि कोर्टानं मित्राला मोकळं केलं. तो सुटून ठाण्यावर आला तेव्हा कडुनिंबाखालची बाई उठली, तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे ती पहिल्यांदा रडली.

मला त्या तपासाचं प्रशस्तिपत्र मिळालं. "कौशल्यपूर्ण चौकशी" असे शब्द आहेत त्यात. ते दिवाणखान्यात लावायला बायकोनं खिळासुद्धा ठोकला होता, पण मी लावू दिलं नाही. कौशल्य कसलं? मी चटणीचं विचारलं, एवढंच.

म्हणून विचाराल तर त्या मालिकेला बक्षीस मिळालं ते योग्यच. गप्प बसलेल्या माणसाच्या आत काय चाललंय, हे तिनं दाखवलं, आणि तपासातलं सगळ्यात अवघड काम तेच. फक्त अभिनयाचं बक्षीस अधिकारी झालेल्या नटाला दिलंय, ते चुकलं. द्यायचं तर संशयित झालेल्याला द्यायला हवं होतं. बोलण्याआधी तोही आपल्या तळहातांकडेच पाहतो.

तो सुटलेला मित्र मला दर उन्हाळ्यात फोन करतो. त्याची मुलगी आता शाळेत जाते. बाकी चौकशी दोन वाक्यांत उरकतो आणि मग म्हणतो, "साहेब, गावात पंडुम झाला जी. खा आता आंबा."

त्याचा फोन येईपर्यंत आमच्या घरात कैरी चिरत नाहीत.