कोरियाकाकांचा अर्ज

कोरियाकाका भात दोन काड्यांनी खायचे. ते पाहायला मिठबावातली माणसं मुद्दाम जेवणाच्या वेळेला त्यांच्या ओटीवर टेकायची. तासलेल्या बांबूच्या काड्या, त्यांच्या चिमटीत उकडा भात, आणि एक शीत खाली पडेल तर शपथ! कुणी हसलं की म्हणायचे, "हसा. तुमका हातान जेवताना बघून थय कोरियातली माणसा पण अशीच हसतली."

काका लष्करात कंपाउंडर होते. कोरियातल्या लढाईत जखमींच्या सेवेसाठी आपल्या देशातून जी तुकडी गेली, तिच्यात तेही गेले. परत आल्यावर गावातला दवाखाना तेच सांभाळत. बाँबगोळ्यांचं त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायचे ते तिथल्या कोळणी मासे कसे सुकवतात आणि थंडीत बाटलीतलं औषध कसं गोठतं, हे.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी तिथल्या एका डॉक्टरमित्राचं त्यांना पत्र आलं. तिकडच्या बंदरावर मासेमारीचं शास्त्र शिकवणारं कॉलेज होतं, आणि परदेशी मुलालाही तिथे अर्ज करता येत होता. राहण्याजेवणाची सोय कॉलेजच करणार होतं. सोबत कोरा अर्जच होता. काका तो घेऊन तडक आमच्या घरापुढच्या खळ्यात आले. माझ्या वडिलांची सारी हयात रापण, म्हणजे समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं, किनाऱ्यावरून ओढण्यात गेलेली. काका त्यांना म्हणाले, "ह्येका पाठवया. रापणीर जा शिकलो, ता सगळा थय कामाक येतला." वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मग रोज संध्याकाळी ओल्या वाळूवर काका मला तिथली अक्षरं शिकवू लागले. उभी रेघ, आडवी रेघ, गोल. लाट येऊन पुसून गेली की म्हणायचे, "परत लिही." गावभर मी मोठ्या ऐटीत फिरत होतो.

अर्जात स्वतःविषयी पानभर लिहायचं होतं. मी लिहिलं, माझे वडील मोठे मासळी व्यापारी आहेत. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझो बापूस रापण ओढता. ताच लिही. अर्जात खोटा चालाचा नाय." चार वेळा त्यांनी ते पान माझ्याकडून लिहून घेतलं. शेवटचं वाचून मला माझ्याच बापाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

अर्ज पाकिटात गेला आणि माझं अवसान गळालं. एवढ्या लांब, बर्फात, एकटा! वडील म्हणाले, "देवाक इचार. उजवो कौल दिल्यान तर जा." कौल लावायचा तो गुरवानेच, आणि त्याने देवाला लावलेली पाकळी उजवीकडची पडली की होकार, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी देवळापर्यंत गेलो, मागच्या तळीवर तासभर बसलो आणि कौल न मागताच परतलो. सांगितलं, देव नको म्हणाला. वडिलांचा जीव भांड्यात पडला.  काकांनी पाकीट घडी करून खिशात घातलं, आणि दवाखान्यात रोगी खोळंबलेत म्हणून निघून गेले.

पुढच्या वर्षी मी मुंबईला कारकुनीवर निघालो. एसटीपर्यंत काका आले. कागदात गुंडाळलेल्या दोन काड्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "त्या दिवशी गुरव सकाळपासून माझ्या दवाखान्यात तापान पडललो. कौल कोणी लावल्यान रे?"

मी काड्यांवरचा कागद उलगडून परत गुंडाळू लागलो.

"भिया वाटता म्हणून सांगलं असतंस तर मी काय तुका मारणार होतंय? जाताना मीय बोटीत रडललंय. पण देवाक कित्याक मधी घातलंस?"

गाडी हलली. मी पत्र लिहून माफी मागायचं ठरवलं. आज लिहू, उद्या लिहू करत तीन वर्षं गेली आणि काका गेल्याचंच पत्र आलं. वडिलांना त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नव्हतं.

काड्या अजून माझ्याकडे आहेत. त्यांनी जेवायला मला कधी जमलं नाही. गावी गेलो की देवळात जातो, हात जोडतो. इतर लोक कौल मागायला रांगेत थांबतात, तेव्हा मी बाहेर तळीवर जाऊन बसतो. मागायला मला तोंड नाही.