बाविसावा सा

सुलभाताईंनी तीस वर्षं हैदराबादेत आबिड्सच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉल जोडले. चेहरा विसरतील, पण आवाज नाही, अशी त्यांची ख्याती. तिचा त्यांना थोडा माजही होता, खोटं कशाला बोला!

निवृत्तीनंतर हा कान हिमायतनगरच्या मराठी वृंदगानाच्या कामी आला. तिथली हजेरी कागदावर नसते. सगळे डोळे मिटून 'सा' लावतात आणि सुलभाताई ऐकूनच सांगतात, "वीस. रेणू आली नाही." एकदाही चूक नाही.

त्यांच्या डाव्या हाताला अठरा वर्षं वंदना उभी राहायची. पहिल्या गाण्याचा अंतरा तिचाच. गेल्या साली सुलभाताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वंदे, तुझा सूर खाली येतो. अंतरा मी म्हणते." होतं ते खरंच. पण चारचौघांत म्हणायची काही गरज नव्हती. वंदनानं वही पिशवीत घातली, "बरं" म्हणाली आणि परत आली नाही. दोन महिन्यांत ती देवाघरी गेलीच. त्या दोन महिन्यांत सुलभाताईंनी चारदा फोन हातात घेतला आणि चारही वेळा खाली ठेवला. अख्ख्या हैदराबादचे कॉल जोडणाऱ्या बाईला हा एक जोडता आला नाही.

यंदाचा कार्यक्रम एका संस्थेच्या मदतीसाठी होता. अठरा पूर्ण झाली की अनाथाश्रमातून बाहेर पडावं लागणाऱ्या मुलामुलींना ती संस्था खोली देते, काम शिकवते. पहिल्या तालमीला एकवीस जण जमले. सा लागला. सुलभाताईंनी मोजले. बावीस.

पुन्हा मोजले. बाविसावा आवाज डाव्या हाताला होता, किंचित खाली. त्यांनी डोळे उघडले. तिथं रिकामी खुर्ची, वर रेणूची पर्स.

"बावीस," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

पेटीवरचा हर्षद हसला. पुण्याहून आलेला, कंप्युटरवाला. "ताई, कान तपासून घ्या."

पुढच्या प्रत्येक तालमीत बावीसच. तरी त्या "एकवीस" सांगू लागल्या. भीतीपेक्षा लाज मोठी होती. वंदनाची माफी मागायची होती, पण तो आवाज सा लावायचा आणि गप्प व्हायचा.

कार्यक्रमाला सुलतान बाजारातलं सभागृह गच्च भरलं. पुढच्या रांगेत संस्थेची मुलं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी डोळे मिटले, सा लावला. डाव्या कानाशी तो खालचा सा आलाच.

सुलभाताई एक पाऊल उजवीकडे सरकल्या. जागा करून दिली.

"वंदे, चुकलं माझं," त्या पुटपुटल्या. "तुझा अंतरा तूच म्हण."

आणि त्यांनी पदर तोंडावर घट्ट दाबला. काहीच झालं नाही तर या मुलांसमोर वृंदाची शोभा होणार, हे त्यांना कळत होतं. वृंदाचं धृपद संपलं, हर्षदनं पेटीवर सूर धरला. एक क्षण गेला. दुसरा गेला. मग अंतरा सुरू झाला. सुलभाताईंनी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले तर तो थांबेल अशी त्यांना खात्री होती.

टाळ्या थांबेनात. पडद्यामागे हर्षद त्यांच्या पाया पडला.

"ताई, काय अंतरा म्हटलात! शेवटी सूर जरासा खाली आला, पण अंगावर काटा आला बघा."

"हौ रे," सुलभाताई डोळे पुसत म्हणाल्या. "तिचा येतो तसा. येऊ दे."