बाईंचा आवाज आणि आमचा फोनो

आमच्या घरात मी गाणारी समजली जाते, त्याला कारण एक फोनो. लग्न होऊन बारामतीहून शेळगावात आले तेव्हा सासरच्या सोप्यात तो पितळी कर्ण्याचा फोनो होता आणि त्याच्या शेजारी मामंजी, म्हणजे माझे सासरे. आख्ख्या गावात दुसरा फोनो नव्हता. तबकड्या पाच-सहा असतील, पण वाजायची एकच. नाटकात गाणाऱ्या एका बाईंची. बाईंनी ती ऐन तरुणपणी भरली होती आणि मामंजींनी ऐन तरुणपणी आणली होती. तेव्हापासून दोघांचं उत्तम चाललं होतं, फक्त बाईंना त्याची कल्पना नव्हती.

फोनोची स्प्रिंग म्हातारी झालेली. चावी कितीही द्या, गाणं संपत आलं की बाई पेंगायला लागत, तानेची जांभई होई. म्हणून मामंजींनी वेग वाढवायचा खटका पार टोकाला सरकवून ठेवला होता. "आता कशी ठणठणीत पोचती बाई शेवटापत्तूर!" खटका तिथंच गंजला. त्यामुळे बाईंचा आवाज आम्हाला माहीत होता तो असा: बारीक, धारदार, सुईच्या टोकासारखा. तो माझ्या गळ्यात नेमका बसला. दळताना मी तेच गाणं म्हणायची आणि उसाला पाणी देऊन आलेले मामंजी दारातूनच विचारायचे, "फोनो कुणी लावलाय?" मी लाजायची, आणि लाजून आणखी वर चढवायची.

मग एक दिवस बातमी आली, बाई इंदापूरला येणार. त्यांची नाटक कंपनी केव्हाच मोडली होती, केस पांढरे झाले होते, पण गावोगाव अजून गात होत्या. मामंजींनी नव्या गुळाची एक लहान ढेप निवडून फडक्यात बांधली. बाईंच्या हातात स्वतः द्यायची, हे त्यांचं ठरलं होतं. किती वर्षांपासून, ते कोणाला ठाऊक!

सासूबाई म्हणाल्या, "गानारीला गूळ? शालबील तरी न्या."

"शाली समदेच देत्यात. गूळ गळ्याला बरा."

"माझ्या गळ्याला कदी आनला न्हाय तो!"

"तुझा गळा बिनगुळाचाच लई चालतोय."

गाडी जुंपून आम्ही गेलो. बाजारतळावर मांडव होता. आम्ही अगदी पुढं बसलो. दोन-तीन पदं झाल्यावर मामंजींनी उठून त्या गाण्याची फर्माईश केली. बाई हसल्या. "अजून आठवण आहे म्हणता?" आणि त्यांनी गाणं सुरू केलं.

आवाज जाड होता. भरदार, खालचा, विहिरीतून वर येणारा. मी मामंजींकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. हळू बोलणं त्यांना येत नव्हतं. जन्म बैलांना हाका मारण्यात गेलेला. ते आपल्या मते माझ्या कानात म्हणाले, "आवाज न्हाय गं ऱ्हायला बाईचा!"

अर्ध्या मांडवानं ऐकलं. बाईंनीही ऐकलं. त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. पेटीवाल्याला म्हणाल्या, "वरची पट्टी घ्या," आणि तेच गाणं आमच्या फोनोच्या उंचीवर नेलं. दोन ओळी गेल्या. तिसरीला आवाज फाटला. बाई पाणी प्यायल्या, नमस्कार केला आणि दुसरं पद घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पडलेल्या पोराला 'ऊठ, काही नाही झालं' म्हणतात तशा.

ढेप तशीच घरी आली. "वय कुनाला सोडतंय," म्हणत मामंजींनी पुन्हा तबकडी लावली. "हितं तरी हाय तशी हाय."

पुढं काही वर्षांनी ऊस चांगला गेला तेव्हा आमच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ आला. एका दुपारी त्यावर बाईंची मुलाखत होती. आधी ती जुनी तबकडी लावली. जाड, भरदार, खालचा आवाज. इंदापूरला ऐकला तोच.

"बॅटरी उतरली," मामंजी म्हणाले.

आमचे हे म्हणाले, "बॅटरी कशी उतरंल, तात्या? निवेदक सरळ बोलतोय की."

तिकडं निवेदकानं विचारलं, "हे गाणं हल्ली ऐकायला मिळत नाही?" बाई म्हणाल्या, "सोडलं ते. इंदापूरला एक गृहस्थ तोंडावर म्हणाले, आवाज राहिला नाही. वरच्या पट्टीत घेऊन पाहिलं, तर खरंच जमेना. खरं बोलणारा माणूस होता."

मामंजी उठले. फोनोच्या खटक्यावर तेल सोडलं, अडकित्त्यानं ठोकून तो मधोमध आणला आणि चावी दिली. फोनोतूनही तोच जाड आवाज आला. तरुण बाईही तशाच गात होत्या. आणि मी? मी इतकी वर्षं बाईंसारखी नव्हे, गंजलेल्या खटक्यासारखी गात होते!

मामंजी रेडिओशी वाकले. "बाई, तुमचं बरूबर हुतं. आमचं यंतर चुकलं."

माझी अक्कल तेव्हाच पाजळायची होती. म्हटलं, "मामंजी, इथून तिकडं ऐकू जात नाही."

"म्हाईत हाय गं."

मी पत्र लिहिते म्हटलं, तर नको म्हणाले. "वंगाळ तोंडानं बोललो, ग्वाड कागदानं सांगू व्हय? जाऊनच सांगतो." मग दर हंगामाला एक ढेप बाजूला निघायची. कधी पाटाच्या पाण्याची पाळी यायची, कधी गुडघा धरायचा. जाणं होत नव्हतं.

बाई गेल्याचं त्याच रेडिओनं सांगितलं. त्या वर्षीची ढेप फळीवर होती. सासूबाईंनी चार दिवस वाट पाहून विचारलं, "पोळ्यांना घेऊ का?" मामंजींनी मान हलवली. पोळ्या छान झाल्या होत्या. त्यांनी दोन खाल्ल्या. मी तिसरी वाढायला गेले तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"गूळ चांगला हुता," म्हणाले.