रिकामी किटली

ओफेलिया कायुनला गावातली पोरं 'राखेच्या बाई' म्हणतात, आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणतात. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं ती मसुराची आमटी ढवळतेय, पण आमटीसाठी तिला कुणी ओळखत नाही. दर डिसेंबरात, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, सातवीची पोरं तळ्याकाठी तंबू ठोकायला जातात. स्वयंपाकाला ती बरोबर असते, आणि निघायच्या दिवशी सगळ्यांना विझलेल्या शेकोटीभोवती गोल उभं करते.

"हात घाला."

"बाई, विझलीय. पाणी ओतलं ना आत्ता!"

"पाणी वर ओतलंस. मी खालचं विचारतेय. तळवा टेकव आणि मनात दहापर्यंत मोज."

"आणि चटका बसला तर?"

"तर अजून आहे. ओरड, आणि पाणी आण."

"म्हणजे भाजल्यावर कळणार!"

"तुझी कातडी पंधरा दिवसांत येते, बाळा. हे झाड चारशे वर्षांचं आहे. टेकव."

पोरं खिदळत हात घालतात, कोपरापर्यंत राख माखून घेतात आणि घरी गेल्यावर आयांच्या शिव्या खातात. ओफेलियाला त्याचं काही नाही.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा त्यांचं घर लाकडाच्या गिरणीमागच्या ओळीत होतं. एका फेब्रुवारीत वरच्या दरीतून आग उतरली. बापाने शिवणयंत्र बाहेर काढलं, आईने गाद्या काढल्या, कोंबड्या आतच राहिल्या आणि घर जळलं. सात दिवस गावावर राख पडत होती. पुढे कळलं की वर कुणीतरी शेकोटी सोडून गेलं होतं. वरून विझलेली, खाली झाडाच्या मुळात जिवंत. कुणी, ते काही कधी कळलं नाही. त्या माणसाला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. पुढची सेहेचाळीस वर्षं ओफेलिया त्याला प्रत्येक अनोळखी सॅकवाल्याच्या तोंडावर शोधत राहिली.

आणि तरी दर फेब्रुवारीत ती त्याच दरीत मुक्कामाला जायची. विशीत असताना नऊ जणांची टोळी होती. कुणी ब्वेनोस आयरेसला गेलं, कुणी देवाघरी. आता उरले होते तिघं. बसच्या अड्ड्यावर तिकिटं फाडणारी नीदिया, जिचा आवाज सुटणाऱ्या बसलाही थांबवतो. एका गुडघ्याचा सुतार रुफिनो; दुसरा गुडघाही होता, पण निकामी, म्हणून तो त्याला मोजायचा नाही. आणि ओफेलिया.

या तिघांचा एक रिवाज होता. सकाळी चुलीवर किटली चढायची, तुंबडीत येर्बाचा कडू पाला भरला जायचा, आणि त्यावर गरम पाणी ओतत एकच तुंबडी, एकच नळी, तिघांत फिरायची. शेवटची फेरी झाली की किटलीत उरलेलं पाणी राखेवर. मग ओढ्यावरून आणखी दोन किटल्या, मग हात. तुंबडी जो भरेल, चूलही त्यानेच विझवायची. इतरांनी लुडबूड करायची नाही. सॅका भरताना रिकामी किटली दिसली की समजायचं, चूल झाली. इतक्या वर्षांत कुणी कुणाला तोंडाने विचारलं नव्हतं.

तुंबडी बहुतेक ओफेलियाच भरायची. त्या वर्षी निघायच्या सकाळी मात्र तंबूची शिवण उसवलेली दिसली, आणि ती सुई घेऊन बसली. तुंबडी रुफिनोने घेतली. आठ वाजता त्यांनी सॅका पाठीवर मारल्या. ओफेलियाने किटली उचलून पाहिली. रिकामी होती. तिने ती आपल्या सॅकला बांधली आणि चालू लागली.

अडीच तासांनी नदी लागली. बर्फाची नदी, सकाळी मांडीपर्यंत, आणि दुपारी वरचं बर्फ वितळलं की छातीपर्यंत. दोर धरून तिघं अलीकडे आले, दगडांवर टेकले, पायमोजे पिळले.

"चला, आता माझी जादू," रुफिनो म्हणाला आणि सॅकमधून ओफेलियाचा नवा थर्मास काढला. तिच्या मुलीने नेउकेनहून पाठवलेला, निळा, चकचकीत.

"माझ्या थर्मासला हात कुणी लावला?"

"अगं, तू टाचत बसलीस म्हणून मीच भरला. बघ, अजून वाफ येतेय!"

नीदियाने नाक थर्मासवर धरलं. "वा! सुतारा, जन्मात पहिल्यांदा उपयोगाचं काही केलंस."

ओफेलियाने तुंबडी घ्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला.

"रुफिनो, हे पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? किटलीत उरलेलं. म्हटलं, वाया कशाला..."

त्याने थर्मास खाली ठेवला.

"मग चुलीवर काय ओतलंस?" नीदियाने विचारलं.

"ओढ्यावरून आणणारच होतो. पायाने माती सारली होती वर. तेवढ्यात तू ओरडलीस, दोरी धर, दोरी धर..."

"माझ्यावर ढकलू नकोस हं, लंगड्या!"

"ढकलत नाहीये, सांगतोय. मग मी तंबू गुंडाळला, आणि मग... मला वाटलं, ओफेलिया हात घालेलच. ती कधी सोडते का?"

"मी किटली पाहिली," ओफेलिया म्हणाली. "रिकामी होती."

तिने पायमोजे पुन्हा चढवायला घेतले. ओलेच.

"हे काय करतेस?" रुफिनो उठायला गेला आणि गुडघ्याने त्याला खाली बसवलं. "अगं बाई, साडेदहा झालेत. वर पोचेपर्यंत एक. परत येशील तेव्हा नदी तुला ओलांडू देणार नाही. आणि वर माती टाकलीय मी. विझली असेल."

"असेल."

"तीन दिवस पेटवली आपण, काही झालं नाही; एका दिवसात काय होणार आहे!"

"तीन दिवस तापलंय खाली म्हणूनच," ओफेलिया म्हणाली. "या वर्षी चूल जुन्या जागेवर नव्हती. ओंडका आडवा पडला म्हणून तू ती दोन पावलं झाडाकडे सरकवलीस. खाली खरी माती किती आहे आणि पाला किती, ते तू खणून पाहिलंस?"

रुफिनोने टोपी काढली.

"वारा एक वाजता सुटतो," ती म्हणाली. "तू खाली वनखात्याच्या चौकीवर जा. एवारिस्तोला सांग, पंप घेऊन या. सांगताना लाजू नकोस, काय झालं ते जसंच्या तसं सांग."

नीदिया कधीच सॅक रिकामी करायला लागली होती. "तंबू इथेच टाकते. पातेलं, थर्मास, फावडं घेते. पाव घेऊ की नको? घेतेच. मरायचं तर जेवून."

"तू कशाला येतेस?"

"तू एकटी गेलीस तर गावात मला कोण विचारेल? म्हणतील, नीदिया नदीवर बसून माश्या मारत होती. चल, तोंड मिट आणि पाय उचल."

पाण्यात पुन्हा शिरल्या तेव्हा ते मांडीच्या वर आलं होतं.

चढाच्या प्रत्येक वळणावर ओफेलिया मान वर करून आकाशात धूर शोधत होती. निळं. पुढच्या वळणावर, निळं. पायाखाली काटकी मोडली तरी तिला तडतड ऐकू यायची. डोक्यात एकच हिशेब: दरीच्या तोंडाशी म्हाताऱ्या सिक्स्तोचं घर आणि मेंढ्या, त्याखाली गिरणी, गिरणीखाली शाळा. पश्चिमेचा वारा. अकरा वर्षांच्या कुठल्या तरी पोरीच्या कोंबड्या.

शेवटच्या वळणावर वाऱ्याची पहिली झुळूक तोंडावर आली. मग मोकळं पटांगण दिसलं. ओंडका, सपाट गवत, काळं वर्तुळ. धूर नाही.

नीदियाने सॅक टाकली आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसायला लागली. "बघ! काही नाही! नदी पोहून आले मी, या कपाळकरंट्या चुलीसाठी!"

ओफेलिया गुडघ्यांवर बसली. तळवा टेकवला. दहा. गार. बोटं खुपसली. गार. तिने श्वास सोडला आणि सवयीनेच हात कडेकडेने फिरवला, ओंडक्याकडून झाडाकडे. कोमट. आणखी पुढे सरकवला आणि झटकन मागे घेतला.

"नीदिया, हसू नकोस."

"काय?"

"खाली आहे. झाडाकडे गेलीय."

कोइवेचं ते झाड, तिघांनी हात धरले तरी कवेत यायचं नाही. त्याचं एक मूळ चुलीखालून गेलं होतं. फावड्याने पाला सारला तसा वास आला, ओलसर, गोडसर, जुन्या घराच्या जळक्या लाकडांना आला होता तसाच. मूळ वरून धडधाकट दिसत होतं. टोचलं तर आत पोकळ, आणि पोकळीत लाल निखारा. चुलीपासून तीन हात. झाडाचं खोड तिथून आणखी दोन हात.

"पाणी!"

ओढा पन्नास पावलांवर. किटली, पातेलं आणि निळा थर्मास. नीदिया धावत होती, सांडत होती, शिव्या देत होती. रुफिनोला, त्याच्या गुडघ्याला, थर्मास बनवणाऱ्याला. ओफेलिया खणत होती. पाणी ओतायचं, चिखल ढवळायचा, पुन्हा खणायचं. मुळात पाणी पडलं की आतून फुस्स आवाज यायचा, आणि वीतभर पुढे, जिथे काही नव्हतं तिथे, वाफ निघायची. मग तिथे खण.

"किती झाल्या गं?"

"मोजत नाही. आण."

"माझ्या छातीत..."

"बस मग. किटली दे."

"बसते कसली! तू खण!"

वारा आता नीट सुटला होता. कोइवेची पानं वर खळखळत होती. खोदलेल्या चरातून एक ठिणगी उठली, मजेत तरंगत गेली आणि बांबूच्या वाळक्या बेटापाशी उतरली. ओफेलियाने ती पाहिली. फावडं टाकून उठेपर्यंत पानं धरली होती, लहानशी, हाताच्या पंजाएवढी जिभली.

"नीदिया! मागे हो!"

नीदियाने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. भरलेलं पातेलं होतं तसं जाळावर फेकलं, अंगातला लोकरी झगा उपसून काढला आणि त्याने झोडपायला लागली. ओरडत होती, पण शब्द कळत नव्हते. आपण किती वेळ नाचलो, ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. गावात ती सांगते, अर्धा तास. ओफेलिया सांगते, एक मिनिटसुद्धा नाही.

ते विझलं. मूळ मात्र विझत नव्हतं.

चारच्या सुमाराला ओफेलियाचं फावडं खोडाला टेकलं. तिथली साल थंड होती. खोडाच्या अलीकडे वीतभर मूळ कोरडं, पांढरं, निरोगी होतं. आग तिथवर आलीच नव्हती. तिने त्या वीतभर जागेवर गाल टेकवला.

रात्र दोघींनी आळीपाळीने चराशी बसून काढली. पहाटे ओफेलियाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात घातला. गार. उजव्या तळव्यावर तोवर दोन फोड आले होते.

सकाळी नदीचं पाणी उतरल्यावर एवारिस्तो दोन माणसं आणि पाठीवरचे पंप घेऊन आला. शाळेत तिच्या हातची आमटी तीन-तीनदा मागून घेणारा एवारिस्तो, आता वनखात्याच्या टोपीत. त्याने चर पाहिला, वाकून स्वतः हात घातला, दहापर्यंत मोजलं.

"ओफेलियाबाई, आम्हाला कामच ठेवलं नाहीत तुम्ही."

चौकीवर उतरले तेव्हा बाकावर रुफिनो बसला होता, टोपी हातात, रात्रभर न झोपलेला. दरीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण तिथल्या वहीत सही करतो. शेवटच्या रकान्यात ओफेलिया दर वर्षी तेच लिहायची: शेकोटी विझवली, हात लावून पाहिली.

तिने पेन घेतलं.

"थांब," रुफिनो म्हणाला. "चूल मी सोडली. माझं नाव लिही."

"किटली मी पाहिली."

"अहो, कुणाचंच कशाला लिहिताय?" एवारिस्तो हळूच म्हणाला. "विझली ना? लिहिलंत तर पुढच्या मोसमात तुम्हाला तिघांना शेकोटीची परवानगी नाही देता येणार मला. नियम आहे. आणि गावात... तुम्हीच जर, म्हणजे, पोरं काय म्हणतील?"

"म्हणू दे. मी अकरा वर्षांची असताना कुणीतरी ही वही कोरी सोडून गेलं, बाळा."

फोडांमुळे पेन नीट धरता येत नव्हतं. तिने सावकाश लिहिलं: शेकोटी जिवंत सोडून गेलो. हात घातला नाही. ओफेलिया कायुन. मग पेन रुफिनोला दिलं. त्याने सही केली. नीदियाने दोघांकडे पाहिलं, म्हणाली, "मी काय केलंय? दोरी धर म्हणाले!" आणि सर्वांत मोठ्या अक्षरात सही ठोकली.

त्या डिसेंबरात तळ्याकाठी पोरांना हात घालायला सांगण्याआधी तिने त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, किटलीपासून. कुणी खिदळलं नाही. एका पोरीने मात्र विचारलं, "बाई, मग तुम्हाला राखेच्या बाई म्हणायचं की नाही?"

"आता तर म्हणायलाच हवं," ती म्हणाली.

पुढच्या फेब्रुवारीत तिघं पुन्हा वर गेले. शेकोटी नाही. गार पाव, गार मांस, घरून भरून नेलेला निळा थर्मास, जो पहिल्या संध्याकाळीच कोमट झाला.

"हे काय येर्बाचं पाणी? कुत्र्याला आंघोळ घालायचं पाणी!" नीदिया म्हणाली आणि तरी शेवटपर्यंत प्यायली. रुफिनो दोन दिवस नुसती तुंबडी भरत राहिला.

निघायच्या सकाळी सॅका पाठीवर चढल्या. कोइवे उभा होता. चर गवताने अर्धा बुजला होता. ओफेलिया चार पावलं गेली, थांबली, परत आली, आणि गुडघ्यांवर बसून तिने तळवा टेकवला.

"अगं ए," नीदिया मागून ओरडली, "पेटवलीच नाही, ती विझवतेस काय?"

ओफेलियाने मान वर केली नाही. ती मोजत होती.