मामांची पद्मिनी

गाडी चालवण्यासाठी घ्यायची असते, हा गैरसमज ज्यांना आयुष्यात कधी शिवला नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले, ते म्हणजे माझे मामेसासरे. कोपरला त्यांच्या सोसायटीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, त्यांची चाळीस वर्षांची पद्मिनी मोटार उभी असे. उन्हाळ्यात तिच्यावर ओलं गोणपाट, थंडीत मामींची रजई. पावसाळ्यात ती बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता, आणि उरलेले आठ महिने रस्त्यावर धूळ असे. एकदा खडवलीच्या लग्नाला गाडीनं जायचं ठरलं. मामा सकाळीच नाक्यापर्यंत चालत जाऊन रस्ता बघून आले. म्हणाले, "खड्डे आहेत. तिला सोसायचे नाहीत. आपण ट्रेननं जाऊ." शालू नेसून बसलेल्या मामी मला म्हणाल्या, "जावईबापू, सवत परवडली असती. तिनं निदान चहा तरी केला असता."

त्याच मामींच्या छातीत एका सकाळी कळ आली. मामा किल्ली घेऊन धावले. गाडी सुरूच होईना. महिनोन्‌महिने न चालवल्यामुळे बॅटरी उतरली होती. शेजाऱ्यानं रिक्षा आणली, पण हॉस्पिटलच्या दारातच मामी गेल्या. "अर्धा तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले. मामांनी ते ऐकलं. मानलं मात्र नाही.

त्यानंतर वर्षभर त्यांनी गाडीला ना फडकं लावलं, ना किल्ली. ठाण्याला एका मैदानावर जुन्या मोटारींचा मेळा भरला, तेव्हा मन रमेल म्हणून मी त्यांना ओढतच नेलं. मामा आरशासारख्या चकचकीत गाड्यांकडे बघेनात. प्रत्येक मालकाला गाठून ते एकच विचारत, "पहिल्या झटक्यात सुरू होते का?" एक जण कौतुकानं म्हणाला, "काका, ही चालवत नाही, टेम्पोवर चढवून आणलीय."

"घरात म्हातारं माणूस आहे?"

"आई आहे. का?"

मामा पुढच्या गाडीकडे वळले. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या रांगेत एका निळ्या गाडीपाशी एक तरुण बायकोवर खेकसत होता, "अगं, दाराला हात नको लावू! बोटं उमटतात, आत्ताच पॉलिश केलंय."

मी आवरायच्या आत मामा त्याच्यापुढे उभे. "उमटू दे," ते म्हणाले. "माझ्या गाडीवर आमच्या हिचं एक बोट शोधतोय मी. नाही सापडत. मीच पुसली सगळी."

तो पोरगा ओशाळला. मग त्यानं खिशातून किल्ली काढून बायकोच्या हातावर ठेवली. ती संकोचत आत बसली. मामांनी दार अलगद लावून दिलं, आणि तिनं हळूच भोंगा वाजवून बघेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.