दृष्ट माशांना लागली नव्हती

आमच्या घराण्यात एक हकिगत दर गौरी-गणपतीला सांगितली जाते. ती अशी : भावजींच्या काचेच्या पेटीतल्या माशांना पाहुण्यांची दृष्ट लागली. वहिनी दृष्ट काढायला गेल्या, तर भावजींनी त्यांना निखाऱ्यांसकट हाकलून दिले, म्हणून दोन मासे मेले. मग वहिनींनी गुपचूप परसात जाऊन दृष्ट काढली, म्हणून उरलेले वाचले. ही हकिगत सांगणाऱ्या वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि भावजी म्हणजे मी. सांगून झाले की सगळे माझ्याकडे पाहून हसतात. मी प्रत्येक वेळी प्रतिवाद करतो. परंतु पंगतीत वाढणाऱ्याचा आवाज जेवणाऱ्यापेक्षा नेहमीच मोठा असतो, आणि वाढतात वहिनी. म्हणून जे घडले ते इथे लिहून ठेवीत आहे.

मी कडावचा. दादाचे आणि माझे घर एकाच अंगणाच्या दोन बाजूंना आहे. सारी नोकरी मी साजगावच्या एका कारखान्यात पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात केली, तेव्हा पाण्याबद्दल मला कोणी शिकवू नये, असे माझे मत होते आणि आहे. माशांची टाकी मात्र माझी नव्हे. ती मुलीने कॉलेजात असताना शिळफाट्यावरच्या दुकानातून आणली. पुढे तिची आई गेली, तिचे लग्न झाले, ती पुण्याला गेली आणि टाकी माझ्या दिवाणखान्यात राहिली. टाकीत आठ कोरीडोरस होते. बोटाच्या दोन पेरांएवढा, तळाशी वावरणारा, ओठांवर मिशा असलेला हा मासा आहे.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मुलीचा फोन आला. "बाबा, येताना गाडी घेऊन येतेय. जाताना टाकी घेऊन जाईन. माझ्या मैत्रिणीकडे मोठी टाकी आहे, तिथे मासे नीट राहतील."

"इथे काय वाईट राहतात?"

"तुम्ही स्वतः दोन वेळा धड जेवत नाही. त्यांचं कुठं बघत बसणार?"

मी म्हणालो, "आधी येऊन बघ, मग ठरव." ती बरे म्हणाली, परंतु तिच्या आवाजावरून तिचे ठरलेले होते, हे मला कळले. घरात माझ्याशिवाय हलणारे असे तेवढेच होते. ते मी सहजासहजी देणार नव्हतो.

या माशांविषयी आमच्याकडे प्रत्येकाला सगळे माहीत असते. दादाने टाकीत पहिल्यांदा डोकावून पाहिले आणि निकाल दिला, "अरं, ह्यो तर आपल्या ओहोळातला मुऱ्या. ह्याला कसला इकतचा खाऊ घालतोस? गाळ चाटून जगतो त्यो."

दादाने लहानपणी शेताच्या बांधाला हे मुऱ्या मासे पुष्कळ धरले, हे खरे आहे. मीही धरले. परंतु धरणे वेगळे आणि पाळणे वेगळे. ओहोळाच्या गाळात किडे असतात, अळ्या असतात. धुतलेल्या काचेच्या पेटीत काय असते? तळाशी फिरणारा मासा म्हणजे इतरांचे उष्टे खाणारा झाडूवाला, अशी समजूत करून घेऊन लोक त्याला उपाशी मारतात. त्याला त्याचा खाऊ द्यावा लागतो, आणि तो तळाशी बुडणारा द्यावा लागतो. मी दिवेलागणीला देत असे, कारण अंधारू लागले की ते अधिक हिंडतात.

दुकानदाराने तळाशी रंगीत खडी घालून दिली होती. मी निवृत्त होऊन लक्ष घालू लागलो तेव्हा माशांच्या मिशा झिजून खुंट राहिले होते. वहिनी म्हणाल्या, म्हातारे झाले असतील. दुकानदार म्हणाला, जातच तशी आहे. दोघांचेही मी ऐकले नाही. जो प्राणी दिवसभर नाक खुपसून अन्न शोधतो त्याला टोकदार खडीवर ठेवणे म्हणजे माणसाला काचांवर जेवायला बसवणे होय. मी खडी काढली, बारीक गुळगुळीत वाळू पाणी निवळेपर्यंत धुऊन घातली, आणि तळ स्वच्छ ठेवू लागलो. पुढे मिशा पुन्हा वाढल्या. दादा आजही म्हणतो, "आपोआप आल्या."

आणखी एक सवय सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. हा मासा अधूनमधून बाणासारखा वर येतो, पाण्याबाहेरच्या हवेचा एक घोट घेतो आणि तळाशी परत जातो. ती हवा त्याला आतड्यातून उपयोगी पडते. वहिनींनी हे प्रथम पाहिले तेव्हा त्या अंगणातूनच ओरडल्या होत्या, "भावजी, धावा! तुमचं मिशीवालं जीव द्यायला वर पळतंय!" मी त्यांना समजावले की एखाद्या वेळी वर येणे हे त्याच्या चांगल्या आरोग्याचे लक्षण आहे, सगळे मिळून सारखे वर येऊ लागले, तर मात्र पाण्यात किंवा हवेत काहीतरी बिघडले आहे, असे समजावे.

गणपती आमच्यात एकच, आणि तो दादाच्या घरी बसतो. त्या वर्षी दादाच्या घराचा स्लॅब नव्याने टाकला जात होता, म्हणून गणपती माझ्याकडे बसवायचे ठरले. दिवाणखान्यात मखराला योग्य भिंत एकच, आणि तिथे टाकी.

"हलवा ती पेटी," वहिनी म्हणाल्या. "देवाला जागा नाय आणि माशांना हाय?"

"भरलेली टाकी हलवली तर काच तडकते. रिकामी करून हलवली तर मासे दगावतात."

"एका पेटीसाठी देव बाजूला बसवायचा व्हय?"

"देव बाजूला नाही. टाकी देवाच्या बाजूला."

शेवटी पुतण्यांनी टाकीला लागूनच मखर उभारले. टाकीला हवा पुरवणारा छोटा पंप मागच्या फळीवर होता. तो मखराच्या पडद्याआड गेला. कोणी काही अयोग्य केले, असे मी म्हणत नाही. मखराच्या पायाशी, म्हणजे पंपाच्या बरोबर खाली, धुपाटणे ठेवले गेले. आमच्याकडे नारळाच्या सोडणाच्या निखाऱ्यावर ऊद घालतात, आणि वहिनी तो मोजून घालत नाहीत.

मुलगी आली, तिने टाकी पाहिली आणि म्हणाली, "मिशा किती छान झाल्यात!" परंतु गौरी आल्या त्या दिवशी दुपारच्या आरतीनंतर तिनेच मला हाक मारली. मासे सारखे वर येत होते. एक खाली जाई तोवर दुसरा वर येई. दोघे तळाशी कुशीवर पडून होते आणि त्यांचे कल्ले भरभर हलत होते.

मग दिवाणखान्यात जमलेल्या प्रत्येकाने आपापले निदान सांगितले. कोणी म्हणाले, पोरांनी मोदक टाकला असेल. एका पाहुण्याने मूठभर मीठ टाकण्याचा सल्ला दिला. या माशाला मीठ सोसत नाही, असे सांगून मी त्याला गप्प केले. दादा बादली घेऊनच आला.

"सगळं पाणी बदल रं. डबकं झालंय त्याचं."

"कुठलं घालू? नळाचं?"

"मग काय बिसलेरी घालतोस?"

पावसाळ्यात नळाच्या पाण्यात जंतुनाशक पावडर असते. माणसासाठी ती हवीच. परंतु ते पाणी नळातून थेट टाकीत ओतले तर मासे जातात. ज्या वासात मी उभी हयात काढली, तो मला नळ सोडताच कळतो. मी दादाच्या हातून बादली काढून घेतली. माझ्याकडे पिंपात काढून उघडे ठेवलेले पाणी नेहमी तयार असते.

टाकीत मोदकाचा कण नव्हता. पाणी आदल्या आठवड्यात थोडे बदललेले होते. मग हवा पाहावी, म्हणून मी पंपाची नळी पाण्यातून काढून नाकाशी धरली. नळीतून उदाचा वास येत होता. घमघमाट म्हणावा असा. मुलीनेही तो घेऊन पाहिला. पंप खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. इथे तो गणपती बसल्यापासून धूर ओढून पाण्यात सोडत होता. आणि बिचारे मासे श्वासासाठी वर येत, तर वरही तोच धूर.

मी खिडक्या उघडल्या, लांब नळी जोडून पंप ओटीवर नेला आणि बाहेरच्या कठड्यावर ठेवला. टाकीतले पाव भाग पाणी काढून पिंपातले हळूहळू घातले. मुलगी तांब्याने ओतत होती. तोवर कुशीवर पडलेले दोन्ही मासे गेले होते. हे लक्षात ठेवावे : दोन मासे इथे गेले, वहिनींचे निखारे यायच्या आधी.

त्यानंतर मी ओटीवर आलो, तर वहिनी समोरून येत होत्या. एका हातात मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या, दुसऱ्या हातात निखाऱ्यांचे घमेले. घरात गर्दी, म्हणून त्या ओटीवरूनच टाकीकडे तोंड करून दृष्ट काढणार होत्या, आणि घमेले त्यांनी टेकवले ते नेमके कठड्याखाली, पंपापासून हातभर अंतरावर. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या असत्या, तर त्यांचा सगळा झोंबरा धूर पंपाने थेट माशांना पाजला असता.

"वहिनी, उचला ते! आत्ताच्या आत्ता उचला!"

"अवो, पण—"

"एक अक्षर नाही! मागे व्हा!"

मी ओरडलो, हे मला मान्य आहे. हाकलले नाही. घमेले मी स्वतः उचलून अंगणाच्या कडेला नेऊन ठेवले. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या भल्यासाठीच आली व्हती मी," आणि घमेले घेऊन परसात गेल्या. तिथे त्यांनी काय केले ते मी पाहिले नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मिरच्यांचा ठसका अजिबात आला नाही, म्हणजे दृष्ट भयंकर होती. भाद्रपदातल्या वाऱ्यात, उघड्या परसात, कोणाच्याही मिरच्यांचा ठसका येणार नाही.

संध्याकाळपर्यंत मासे वर यायचे थांबले. दिवेलागणीला सहाही जण वाळूत मिशा खुपसून फिरत होते. वहिनी टाकीपुढे उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "बघा, उतरली." ती हकिगत तिथे जन्मली.

मी मुलीकडे पाहिले. नळीचा वास तिने घेतला होता, पाणी तिने ओतले होते. साक्ष देणारी तीच एक होती. ती म्हणाली, "काकू, आता तुम्हीही जरा बसा," आणि त्यांना पाट दिला.

विसर्जनानंतर ती निघाली. गाडीत टाकीसाठी मागची सीट आडवी करून ठेवलेली होती. तिने ती सरळ केली आणि वर गवारीची पिशवी, तांदळाची पिशवी ठेवली.

"टाकी?" मी विचारले.

"राहू दे. एवढं कोण करणार आहे तिथे?" मग दार लावता लावता म्हणाली, "पंप बाहेरच ठेवा. आणि काकूंशी भांडू नका."

पहिले मी पाळले. दुसरे पाळण्याजोगे नाही.

मासे आहेत. वहिनी रोज संध्याकाळी देवळातून परतताना त्यांना पाहायला येतात, कधी खाऊही घालतात, आणि कोणी नवखे बसलेले असेल तर दृष्टीची हकिगत पहिल्यापासून सांगतात. मी पहिल्यापासून खोडतो. त्यांच्या हातात देवळातली पेटती उदबत्ती असते. पूर्वी ती त्या घरात घेऊन येत. आता ओटीवर चढण्याआधी अंगणातल्या तुळशीच्या मातीत खोचतात. का, म्हणून मी एकदा विचारले.

"राख सांडते," त्या म्हणाल्या.

हेही खरे नाही. पण तेवढे एक मी खोडीत नाही.