चंदेरी जॅकेट

आमचा वसईचा इनास तुस्कानो आखातात, अल मनखूलच्या एका हॉटेलात शिंपी आहे. सत्तरच्या दशकात इंग्लंड गाजवलेला एक ग्लॅम रॉक बँड दर हिवाळ्यात तिथे कार्यक्रमाला येतो. चमचमते कपडे तेच, उंच टाचांचे बूट तेच. बदलतात ती मेली माणसं! एखादा वादक वारला की मॅनेजर त्याचं जॅकेट नव्या पोराच्या मापाचं करायला इनासकडे देतो. ड्रमवाला गेला, गिटारवाले गेले. मूळचा उरला फक्त गायक.

काल मॅनेजरने गायकाचं चंदेरी जॅकेट टेबलावर टाकलं. "हे नवं माप. खांद्यात कमी कर. यल्ला, इनास, चल लवकर, संध्याकाळपर्यंत हवं."

इनासने क्रूसाची खूण केली. "साहेब कधी गेले?"

मॅनेजरने घड्याळात बघितलं. खालच्या हॉलमधून तालमीत गाणाऱ्या साहेबांचा आवाज ऐकू येत होता.